शर्यतीचे विमान आणि बंद पडलेले इंजिन

इंजिन बंद पडलेले विमान लगेच कोसळत नाही. पंखांवरून पुरेशा वेगाने हवा वाहत असेल तोवर ते उडतच राहते. फक्त त्यासाठी लागणारी ऊर्जा आता इंजिनाऐवजी विमानाच्या उंचीतून किंवा अंगच्या वेगातून काढावी लागते. प्रवासाला निघालेल्या साध्या विमानाकडे उंची भरपूर असते आणि वेग बेताचा. शर्यतीच्या विमानाचे नेमके उलट. ते जमिनीपासून कधी जेमतेम पंधरा-वीस मीटरवर असते, पण त्याचा वेग प्रचंड असतो. म्हणून बंद इंजिनाने उतरण्याचे सर्वसाधारण नियम त्यालाही लागू पडत असले, तरी त्यांच्याआधी एक वेगळी पायरी येते आणि बहुतेक वेळा वैमानिकाचा जीव त्याच पायरीवर ठरतो.

शर्यतीत इंजिने इतकी का बंद पडतात, याचे कारण उघड आहे. ‘फॉर्म्युला वन’ गटातल्या छोट्या विमानांना कॉन्टिनेंटल ओ-२०० हे शंभर अश्वशक्तीचे इंजिन असते, तेच जे सेस्ना १५० या शिकाऊ विमानात वर्षानुवर्षे निमूट चालते. कारखान्याने त्याला मिनिटाला २,७५० फेऱ्यांची मर्यादा घातलेली आहे. शर्यतीत ते ४,००० च्या आसपास फिरवले जाते. मोठ्या ‘अनलिमिटेड’ गटातल्या मस्टँग विमानांची मर्लिन इंजिने मूळची साधारण दीड हजार अश्वशक्तीची. त्यांच्यातून दुप्पट शक्ती काढली जाते आणि ती वितळू नयेत म्हणून पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण आत फवारले जाते. ही फवारणी क्षणभर अडली तरी पिस्टन जळतो. कधी दांडा तुटून इंजिनाच्या कवचाबाहेर येतो, तेल उडून समोरची काच काळी होते आणि वैमानिकाला बाजूच्या पट्टीतून जमीन पाहावी लागते.

जुन्या शर्यतींमध्ये कारणे साधी होती, परिणाम तेच. १९३० मध्ये आगाखान पारितोषिकासाठी जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे आणि अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे निघाले होते, दोघेही जिप्सी मॉथ विमानात. इजिप्तमधल्या अबुकिर येथे अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडलेले टाटांना भेटले. टाटांनी आपल्याकडचे प्लग त्यांना दिले आणि पुढे शर्यत अस्पींनी काही तासांच्या फरकाने जिंकली. हा प्रसंग दिलदारपणाचा म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेच. पण त्या काळच्या इंजिनाचे भवितव्य मूठभर प्लगांवर कसे टांगलेले असे, हेही त्यातून दिसते. १९३४ च्या लंडन-मेलबर्न शर्यतीत जिम आणि एमी मॉलिसन हे दांपत्य वाट चुकून जबलपूरला उतरले. तिथे मिळालेले पेट्रोल त्यांच्या ‘कॉमेट’ विमानाच्या इंजिनांना मानवणारे नव्हते. इंजिने जायबंदी झाली आणि अलाहाबादला त्यांची शर्यत संपली. त्याच जातीच्या विमानातून स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक यांनी ती शर्यत जिंकली, तीही शेवटच्या टप्प्यात एका इंजिनाची शक्ती उतरवून. दोन इंजिने असण्याचा फायदा इथे दिसतो. बहुतेक शर्यती विमानांना मात्र एकच इंजिन असते.

श्नायडर करंडकाच्या शर्यतीत या प्रश्नाला एक वेगळेच उत्तर सापडले होते. ती शर्यत समुद्री विमानांची. १९३१ मध्ये सुपरमरीन एस.६बी ने ताशी सुमारे ५४७ किलोमीटर वेगाने तो करंडक ब्रिटनकडे कायमचा नेला. त्या विमानांचे पंख इतके छोटे आणि उतरण्याचा वेग इतका जास्त होता, की त्या काळच्या गवती मैदानांवर त्यांना उतरवणे अवघड गेले असते. पण त्यांच्या तरंड्यांखाली मैलोगणती सपाट पाणी असे. इंजिन गेले तर समोर उतरायचे, जागा शोधायची नाही. जमिनीवरच्या शर्यतीत ही सोय नाही.

शक्ती गेल्याचे कळताच शर्यतीच्या वैमानिकाने करायची पहिली गोष्ट म्हणजे विमान वर खेचणे. गतिज ऊर्जेचे उंचीत रूपांतर होते. ताशी ३८० किलोमीटर वेगाने जाणारे छोटे विमान १६० पर्यंत मंदावेस्तोवर वर चढवले, तर हवेचा रोध बाजूला ठेवून सुमारे ४६५ मीटर उंची हाती येते. ताशी ७५० वरून २७० पर्यंत उतरणाऱ्या मोठ्या विमानाला हाच हिशोब १,९०० मीटर देतो. रोध त्यातला बराच वाटा खातो, तरीही उरते ती उंची धावपट्टीभोवती एक फेरी मारून उतरायला पुष्कळदा पुरते. मात्र हे तत्काळ व्हावे लागते. रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे सर्वात मोलाचा वेग सर्वात लवकर नासतो. कालव्याचे आवर्तन बंद झाल्यावर चारीत उरलेले पाणी जिरून जाण्याआधी शेततळ्यात वळवावे लागते, तसाच हा वेग उंचीत साठवावा लागतो. इंजिन पुन्हा चालू होते का, हे पाहत समपातळीत घालवलेले पाच-सहा सेकंद परत मिळत नाहीत.

खेचण्यातही माप आहे. शर्यतीच्या वळणावर विमान साठ-सत्तर अंशांनी कललेले असते; आधी पंख सरळ करायचे, मग वर जायचे, आणि जाताना मागून येणाऱ्या स्पर्धकांच्या वाटेतून बाजूला व्हायचे. फार जोराने खेचले तर पंखांवरचा भार वाढून ऊर्जा वाया जाते, फार हळू खेचले तर वरच्या वेगाचा रोध ती गिळतो. चढाई थांबवण्याची वेळ अधिक नाजूक. नाक तीस अंश वर असताना केवळ गुरुत्वाकर्षणानेच दर सेकंदाला ताशी अठरा किलोमीटर वेग उतरतो. तरंगण्याचा योग्य वेग १६० असेल, तर नाक खाली घ्यायला १६० ची वाट पाहून चालत नाही, तो आकडा येण्याआधीच सुरुवात करावी लागते.

यानंतर प्रश्न येतो प्रोपेलरचा. इंजिन मेले तरी समोरच्या हवेने पाती फिरत राहतात आणि ती ओढण्याऐवजी अडवू लागतात. पात्यांचा कोन बदलता येत असेल तर ती हवेच्या दिशेला समांतर केल्यावर अडथळा बराच कमी होतो. पण एका इंजिनाच्या पुष्कळ विमानांत हा कोन बदलतो इंजिनाच्याच तेलाच्या दाबाने, आणि दाब गेला की पाती नेमकी उलट, म्हणजे सर्वाधिक अडथळ्याच्या कोनात जाऊन बसतात. याचे ठळक उदाहरण १९७९ चे. स्टीव्ह हिंटन यांनी त्या वर्षी ऑगस्टमध्ये ‘रेड बॅरन’ या मस्टँगवर ताशी ८०३ किलोमीटरचा विक्रम केला होता. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या रीनोच्या शर्यतीत त्याच विमानाचे इंजिन गेले, तेलाचा दाब गेला आणि एकामागे एक असलेल्या उलटसुलट फिरणाऱ्या पात्यांच्या दोन्ही जोड्या हवेला आडव्या झाल्या. धावपट्टी जवळ दिसत होती, पण विमान तिच्यापर्यंत पोहोचले नाही. खडकाळ जमिनीवर त्याचे तुकडे झाले. हिंटन गंभीर जखमी होऊन वाचले आणि नंतर कित्येक वर्षे याच शर्यतीत सुरुवात करून देणारे जेट विमान उडवत राहिले, ज्याचे एक काम संकटात सापडलेल्या स्पर्धकाला वरून सोबत करणे हे असते. कसरतीच्या विमानांत वजने लावलेले प्रोपेलर वापरतात. त्यांची पाती दाब गेल्यावर कमी अडथळ्याच्या बाजूला वळतात. शर्यतीच्या विमानासाठीही हीच रचना शहाणपणाची.

उंची मिळाली, वेग स्थिरावला, की पुढचे काम सर्व विमानांना समान आहे. प्रत्येक विमानाचा एक वेग असा असतो, की ज्याने ते तरंगत सर्वात लांब जाते. सेस्ना १५२ या वेगाने एक मीटर खाली येताना साधारण नऊ मीटर पुढे सरकते, म्हणजे तीनशे मीटरवरून पावणेतीन किलोमीटरच्या आत कुठेतरी उतरायचे आहे. या वेगापेक्षा हळू उडून पल्ला वाढत नाही, घटतो. तरीही जमीन जवळ येताना नाक वर ओढण्याचा मोह जबरदस्त असतो आणि बळी जातात ते इथे. वेग एका मर्यादेखाली गेला की पंखांवरचा हवेचा प्रवाह सुटतो, स्टॉल होतो आणि एक पंख खाली पडतो. वळताना ही मर्यादा आणखी वर सरकते: पंचेचाळीस अंशांच्या कलात १९ टक्क्यांनी, साठ अंशांच्या कलात ४१ टक्क्यांनी. मस्टँगच्या पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १९० किलो भार असतो, सेस्ना १५२ च्या पंखावर पन्नासच्या आसपास. म्हणजे मस्टँगला मुळातच जास्त वेग लागतो आणि चुकीला जागा कमी असते.

उड्डाण घेताच इंजिन गेले आणि धावपट्टीकडे परत वळावे वाटले, तर त्याचे गणित असे पडते. ताशी १५० किलोमीटर वेग आणि पंचेचाळीस अंशांचा कल धरला, तर वळणाची त्रिज्या सुमारे १७७ मीटर येते. अर्धे वर्तुळ पूर्ण केल्यावर विमान पट्टीच्या रेषेपासून साडेतीनशे मीटर बाजूला असते, म्हणून वळण १८० अंशांवर संपत नाही, आणि वळताना उंची झपाट्याने जाते. पुरेशी उंची नसताना केलेले हे वळण विमानचालनातल्या सर्वात जुन्या आणि सर्वात हट्टी अपघातांपैकी एक आहे. अशा वेळी समोरच्या साठ अंशांत जे काही सापडेल त्यावर, पंख सरळ ठेवून आणि नियंत्रण न गमावता आदळणे परवडते. विमान वाचवण्याचा विचार जितका लवकर सुटेल तितका माणूस वाचण्याचा संभव वाढतो.

रीनोसारख्या जागी उतरायला लांब धावपट्ट्या हाताशी असत. १९६४ पासून २०२३ पर्यंत नेवाडात या शर्यती झाल्या, त्यातल्या १९६६ पासूनच्या स्टेड विमानतळावर. आता त्या न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला गेल्या आहेत. संकटात सापडलेला वैमानिक ‘मेडे’ पुकारतो, बाकीचे त्याच्या वाटेतून दूर राहतात. तो पट्टीच्या डोक्यावर एका ठरावीक उंचीला येतो, मग पट्टीला समांतर उलट दिशेने जाताना दुसऱ्या ठरावीक उंचीला, आणि तिथून वळून उतरतो. दोन बिंदूंवर उंची बरोबर आहे ना एवढेच तपासायचे. जास्त असेल तर विमान तिरके धरून बाजूने घसरवत ती घालवता येते, फ्लॅप नसलेल्या फॉर्म्युला वन विमानांचा तर तोच मुख्य उपाय. कमी असेल तर उपाय नाही. म्हणून थोडे उंच राहणे हा दोष मानला जात नाही.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत किंवा शर्यतीच्या ठिकाणी विमान घेऊन जाताना पट्टी अशी हाताशी नसते आणि शेत निवडावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात विमानांच्या शर्यती होत नाहीत, पण शेत निवडण्याच्या प्रश्नाचे सर्व प्रकार या एका जिल्ह्यात सापडतात. भीमेपलीकडच्या इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या शिवारात, २५ जुलै २०२२ रोजी एक सेस्ना १५२ शेतात कोसळले. उड्डाणात इंजिनाची शक्ती गेल्याचे तेव्हा सांगण्यात आले. एकटीच उडत असलेली शिकाऊ वैमानिक किरकोळ जखमांवर बचावली. बारामतीची प्रशिक्षण विमाने या भागावर रोज घिरट्या घालतात, त्यामुळे दख्खनच्या शेतात उतरण्याचा विषय केवळ कागदी नाही.

क्षेत्रफळाने राज्यातला सर्वात मोठा असलेला अहिल्यानगर जिल्हा वरून तीन वेगळ्या प्रदेशांसारखा दिसतो. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई १,६४६ मीटरवर, शेजारी रतनगड, हरिश्चंद्रगड. तिथे उतरण्याजोगी सपाटी नाही आणि भंडारदऱ्याचा जलाशय हाच एक मोकळा तुकडा. चाके बाहेर असलेले खालच्या पंखाचे शर्यती विमान पाण्याला टेकले की बहुधा उलटते, त्यामुळे तो शेवटचा पर्याय. उत्तरेला कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी हा कालव्यांचा व उसाचा पट्टा. उभा ऊस वरून हिरवा, मऊ, आमंत्रण देणारा दिसतो. तीन मीटर उंचीच्या त्या पिकाच्या शेंड्यालाच जमीन समजून, कमीत कमी वेगाने विमान त्यावर बसवले तर तो धक्का काहीसा शोषतो. पण खाली चाऱ्या आणि बांध असतात, आणि बांधावरची विजेची तार शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. तार शोधायची नसते, खांब शोधायचे असतात. दक्षिणेकडे पाथर्डी, जामखेड, कर्जत, शेवगावच्या बाजूला रब्बी ज्वारी निघाल्यावर, फेब्रुवारीनंतर, कोरडी, घट्ट आणि मोठी रानं मोकळी पडतात. बंद इंजिनासाठी जिल्ह्यातली सर्वात चांगली जमीन तीच, जी शेतीसाठी सर्वात अवघड. त्याच काळ्या रानात पावसाळ्यात चाक रुतून विमान नाकावर उभे राहते. बारमाही धोका म्हणजे उघड्या विहिरी. तिरक्या नजरेला त्या अगदी जवळ गेल्यावरच दिसतात.

पाणलोट विकासाने गाजलेल्या हिवरे बाजार, राळेगणसिद्धीसारख्या गावांच्या शिवारात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. उतारावरचे समतल चर आणि बांध पाणी अडवतात तसेच चाकही अडवतात, म्हणून तिथे उतरायचे झाल्यास त्यांना समांतर उतरावे, आडवे नव्हे. नगरजवळचा के. के. रेंज हा लष्कराच्या गोळीबार सरावाचा विस्तीर्ण माळ वरून आदर्श वाटतो. न फुटलेल्या तोफगोळ्यांमुळे तो टाळलेला बरा. समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून जातो आणि त्याची रुंद, सरळ पट्टी मोह पाडते. राजस्थानात बाडमेरजवळ महामार्गाचा एक भाग खास विमानांसाठी बांधलेला आहे, पण साध्या महामार्गावर वरून जाणारे पूल, दुभाजक, खांब आणि मुख्य म्हणजे माणसांनी भरलेली वाहने असतात. कोपरगाव तालुक्यातल्या काकडीचा शिर्डी विमानतळ, १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झालेला, अडीच किलोमीटरची धावपट्टी असलेला, आवाक्यात असेल तर निवड करायचीच नसते.

वारा कळायला इथे खुणा पुष्कळ आहेत: जळत्या पाचटाचा धूर, तळ्यावरच्या लाटा, पारनेर तालुक्यात कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांची तोंडे. वाऱ्याकडे तोंड करून उतरण्याचा आग्रह का, ते आकड्यांत लगेच कळते. हवेतला वेग १४० आणि वारा ३० असेल, तर समोरच्या वाऱ्यात जमिनीवरचा वेग ११० पडतो, पाठीमागच्या वाऱ्यात १७०. थोपवायची ऊर्जा दुसऱ्या वेळी जवळजवळ अडीचपट. उन्हाळा यात भर घालतो. नगर शहर साधारण ६५० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की तिथली हवा जवळपास १,६५० मीटर उंचीवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ होते. रीनोचा विमानतळ १,५४० मीटरवर आहे, म्हणजे नगरच्या भर उन्हाळ्यातल्या दुपारी वैमानिकाला जवळपास तसलीच हवा मिळते. वेगमापक नेहमीचाच आकडा दाखवतो, खरा वेग मात्र आठ टक्के जास्त असतो.

शेवटच्या क्षणांत पट्टे घट्ट ओढायचे, इंधनाचा कॉक व मॅग्नेटो बंद करायचे, विजेवरचे फ्लॅप उघडून झाल्यावर बॅटरीही बंद. कॉकपिटचे झाकण टेकण्याआधीच सैल करून ठेवायचे, कारण चेंबलेल्या सांगाड्यात ते उघडत नाही. आत घेता येणारी चाके असतील तर घट्ट जमिनीवर ती बाहेर काढणे आणि नांगरलेल्या किंवा ओल्या रानात आतच ठेवणे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. टेकल्यानंतर जगण्याला फार लांबी लागत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगातले विमान एकसारखे मंदावत २.८ मीटरमध्ये थांबले, तर माणसावर गुरुत्वाच्या नऊपट भार येतो आणि चांगले पट्टे तो पेलू शकतात. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच भारासाठी चौपट अंतर लागते. म्हणूनच अडथळे टाळता आले नाहीत तर ते पंखांवर घ्यावेत, कॉकपिटवर नाही. पंख तुटताना खर्च होणारी ऊर्जा शरीराच्या वाट्याला येत नाही.

उतरणेच टाळून पॅराशूटने खाली येणे हा मार्ग बिनमाणसांच्या विमानांत रुळलेला आहे, आणि त्यात नगरचा प्रत्यक्ष संबंध येतो. ‘निशांत’ या टेहळणी विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वँकेल इंजिन बंगळूरच्या दोन संस्थांबरोबर नगरच्या वाहन संशोधन व विकास संस्थेने, म्हणजे व्हीआरडीईने, घडवले आणि २००९ मध्ये ते कोलारला उडाले. निशांतला चाके नव्हती. प्रक्षेपकावरून ते फेकले जाई आणि इंजिन बंद करून पॅराशूट व हवेच्या पिशव्यांवर उतरवले जाई; एरवीचे संकट इथे रोजची पद्धत होती. माणसांच्या विमानांत सिरस कंपनीची विमाने पूर्ण सांगाड्याचे पॅराशूट बाळगतात. शर्यतीत ते वजन कोणाला नको असते आणि पंधरा-वीस मीटरवर त्याला उघडायला उंचीही नसते. वर खेचून उंची मिळाली तरच त्याचा विचार करता येतो.

सरावासाठी पुण्यातले हडपसरचे ग्लायडिंग केंद्र हे राज्यातले सर्वात सरळ उदाहरण. ग्लायडरला इंजिन नसल्याने तिथले प्रत्येक उतरणे पहिल्या आणि एकमेव प्रयत्नात साधावे लागते. शर्यतीच्या वैमानिकांनी आपल्याच विमानात, भरपूर उंचीवर, इंजिन मंद करून खेचण्याचा आणि तरंगण्याचा सराव केल्यास त्यांना त्या यंत्राचे खरे आकडे कळतात. मंद चालणारे इंजिन मात्र मेलेल्या इंजिनाइतका अडथळा करत नाही, एवढी सूट त्यात धरावी लागते.

उतरल्यावर वैमानिकाने विमानापासून वाऱ्याच्या उगमाकडे दूर जायचे, कारण सांडलेल्या इंधनाची वाफ वाऱ्याबरोबर वाहते. शिवारातले लोक काही मिनिटांत जमतात. त्यांनी विडी-काडी दूर ठेवणे आणि जखमीला आग नसेल तर मान न हलवता तसेच राहू देणे गरजेचे. अपघाताची खबर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला व विमान अपघात तपास विभागाला द्यावी लागते. तपास अधिकारी येईपर्यंत सांगाडा, तुटलेली पाती आणि टाकीतले उरलेले इंधन जागचे हलवायचे नसते. पाती कशी वाकली आहेत यावरून आदळताना इंजिन फिरत होते की थांबलेले, हे बहुधा तिथल्या तिथेच ओळखता येते.